‘रेझ इन्फिनिट’: सपाट पडद्यावर खेळून झाल्यावर हेडसेटमध्ये पुन्हा खेळण्यासारखे काय आहे?

विजनवासी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

‘रेझ’ या खेळाशी माझी ओळख झाली ती २००८ साली एक्सबॉक्स ३६०वर आलेल्या ‘रेझ एचडी’ या आवृत्तीमुळे. मूळ खेळ त्याच्या सात वर्षे आधीचा, म्हणजे २००१ सालचा, ड्रीमकास्ट आणि प्लेस्टेशन २ या यंत्रांवरचा. परंतु त्या काळी तो माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता. काळ्या पोकळीत रेघांनी आखलेले जग, त्यातून ठरलेल्या मार्गाने आपोआप पुढे सरकत राहणारी एक मानवाकृती, बटण दाबून धरून एका वेळी जास्तीत जास्त आठ लक्ष्यांवर नेम धरायचा, बटण सोडले की सगळे बाण सुटायचे आणि प्रत्येक आघातातून एखादा स्वर किंवा ठोका उमटून चालू संगीतात मिसळून जायचा, असा हा खेळ. ईडन नावाची कृत्रिम बुद्धी माहितीच्या ओझ्याने गोंधळून स्वतःला बंद करून घेऊ पाहते आणि खेळाडू त्या जाळ्यात शिरून तिच्यापर्यंत पोहोचतो, ही कथा मला तेव्हाही दुय्यम वाटली होती. मनात राहिले ते संगीत आणि रंग यांचे एकमेकांत विरघळणे. त्यानंतर नेमबाजीचे अनेक खेळ खेळलो, पण तो अनुभव दुसरीकडे मिळाला नाही.

आता एका आप्तांनी परदेशातून येताना क्वेस्ट हा आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट आणला आहे, आणि मित्राकडे प्लेस्टेशन ४ बरोबर पहिला प्लेस्टेशन व्हीआर हा हेडसेटही आहे. दोन्हींवर ‘रेझ इन्फिनिट’ ही ‘रेझ’ची नवी आवृत्ती उपलब्ध असल्याचे कळल्यावर जुनी ओढ पुन्हा जागी झाली. तरी खरेदी करण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

माझी मुख्य शंका अशी की, जुनाच खेळ डोळ्यांच्या जवळ आणून दाखवला आहे, की आभासी वास्तवामुळे खेळण्याच्या क्रियेतच काही फरक पडतो? ज्या खेळात खेळाडूने वाट निवडायचीच नसते, त्यात चहूबाजूंना पाहण्याची मोकळीक मिळून उपयोग काय, हे मला नीट उलगडत नाही.

दुसरी शंका प्रकृतीची आहे. मला गाडी लागते. आंबेनळी घाटातून एसटीने जाताना पुढची जागा मिळाली नाही तर पोलादपूरपर्यंत माझी अवस्था बिकट होते. असे असताना, आपले नियंत्रण नसलेल्या मार्गावरून धावणारा खेळ हेडसेटमध्ये झेपेल का?

शेवटचा प्रश्न ‘एरिया एक्स’ या नव्या विभागाविषयी. काही जण त्याला संपूर्ण खेळाचे शिखर म्हणतात, पण तिथे ठरलेला मार्गच नाही असेही वाचनात आले. मग तो ‘रेझ’च राहतो का? सविस्तर लिहिलेत तर आनंद होईल.

---

द्रुतलय यांचा प्रतिसाद

आपल्या मुख्य शंकेचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागेल, कारण हा खेळ हेडसेटमध्ये नंतर नेऊन बसवला असे मला कधीच वाटले नाही. त्याची मूळ कल्पनाच अशी होती की तिला पुरे पडणारे यंत्र २००१ साली अस्तित्वात नव्हते.

निर्माते तेत्सुया मिझुगुची यांनी त्याआधी सेगासाठी ‘सेगा रॅली’सारखे मोटारशर्यतीचे खेळ केले होते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात झुरिकमधील ‘स्ट्रीट परेड’ या भव्य नृत्यसंगीत मिरवणुकीत त्यांनी प्रचंड जनसमुदाय, दिवे आणि आवाज एकाच लयीत हलताना पाहिले, आणि हा अनुभव खेळात आणता येईल का, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला. त्याला आधार मिळाला तो वासिली कान्दिन्स्की या रशियन चित्रकाराच्या कलाविचाराचा. रंग ऐकू यावा आणि स्वर दिसावा, एका इंद्रियाच्या संवेदनेने दुसरे इंद्रिय जागे व्हावे, हा कान्दिन्स्कीचा ध्यास होता. खेळाचे काम चालू असताना त्याचे नाव ‘के-प्रोजेक्ट’ होते आणि खेळाच्या श्रेयनामावलीत तो कान्दिन्स्कीला अर्पण केलेला आहे. सेगाच्या युनायटेड गेम आर्टिस्ट्स या चमूने तो घडवला आणि संगीतासाठी केन इशी, ॲडम फ्रीलँड, कोल्डकट अशा क्लबसंगीतातील प्रत्यक्ष कलाकारांना सोबत घेतले. त्या काळी खेळांचे संगीत बहुधा कंपनीच्या आतच तयार होत असे, हे लक्षात घेतले म्हणजे हा निर्णय किती धाडसाचा होता ते कळते.

दिसणे आणि ऐकू येणे यांच्या जोडीला स्पर्शही हवा, म्हणून जपानमध्ये प्लेस्टेशन २च्या एका विशेष संचाबरोबर ‘ट्रान्स व्हायब्रेटर’ नावाचे, ठेक्याबरोबर थरथरणारे स्वतंत्र उपकरण दिले गेले. आपण खेळलेल्या ‘रेझ एचडी’मध्ये जादा कंट्रोलर जोडून त्यांचा तसाच उपयोग करता येत असे. २०११ साली मिझुगुची यांचाच ‘चाइल्ड ऑफ ईडन’ हा खेळ आला आणि त्यात किनेक्ट कॅमेऱ्यासमोर उभे राहून हाताच्या हालचालीने नेम धरण्याची सोय झाली. पुढे २०१५च्या डिसेंबरमध्ये ‘रेझ इन्फिनिट’ जाहीर करताना मिझुगुची यांनी अंगभर कंपने देणारा, २६ कंपनबिंदू असलेला पोशाख घालून रंगमंचावर प्रात्यक्षिक दाखवले. आणि १३ ऑक्टोबर २०१६ रोजी, पहिला प्लेस्टेशन व्हीआर बाजारात आला त्याच दिवशी, हा खेळही आला. ही सारी साखळी एकत्र पाहिली म्हणजे एकच माणूस पंधरा वर्षे एकाच प्रश्नामागे लागला होता, हे स्पष्ट दिसते: खेळाडू आणि संगीत यांच्यामध्ये उभी असलेली यंत्रसामग्री किती पातळ करता येईल?

आता खेळण्याच्या क्रियेविषयी. टीव्हीवर खेळताना डोळा आधी शत्रूला पाहतो, मग अंगठा नेमाचे चिन्ह त्याच्यापर्यंत ओढत नेतो. पाहणे आणि नेम धरणे या दोन वेगळ्या क्रिया असतात आणि त्यांच्यामध्ये अंगठ्याचे कसब उभे असते. हेडसेटमध्ये नेमाचे चिन्ह आपल्या मानेबरोबर फिरते. जिकडे आपण पाहतो तिकडेच नेम लागतो, त्यामुळे ही मधली पायरी जवळजवळ नाहीशी होते. एका बाजूने येणाऱ्या शत्रूंच्या रांगेवरून मान सावकाश फिरवावी, आठ नेम लागल्याचे एकामागून एक आवाज कानी पडावेत, आणि मग बटण सोडल्यावर ते आठही आघात लयीत बसून पाठोपाठ उमटावेत, यातली मानेची गती आणि कानावर पडणारी स्वरावली यांचे नाते इतके थेट आहे की थोड्या वेळाने आपण शत्रू शोधत आहोत, हेच विसरायला होते. वाट आपल्या हातात नसणे ही इथे उणीव राहत नाही. वाटेची चिंता नसल्यामुळेच संपूर्ण लक्ष पाहण्यात आणि ऐकण्यात घालता येते.

आकाराचा फरकही मोठा आहे. चौथ्या विभागातील तो धावणारा महाकाय मनुष्य आठवत असेल, ज्याचे शरीर ठोकळ्यांचे बनलेले आहे. टीव्हीवर तो एक चांगला रचलेला शत्रू होता. हेडसेटमध्ये त्याच्यामागून जाताना मान वर करून पाहावे लागते आणि प्रत्येक पावलाबरोबर त्याचे वजन जाणवते. २००१ सालच्या इतर खेळांतील माणसे आणि झाडे अशी डोळ्यांसमोर आणली तर त्यांचा ओबडधोबडपणा उघडा पडेल. ‘रेझ’ मात्र टिकला, कारण त्याने वास्तवाची नक्कल करण्याचा प्रयत्नच केला नव्हता. रेघ जितकी मोठी करावी तितकी ती अधिक स्वच्छ होते.

‘एरिया एक्स’विषयी इतकेच सांगतो की तो मला अतिशय प्रिय आहे आणि केवळ त्याच्यासाठीही खरेदी सार्थ ठरेल. त्यावर इथे मतभेद होणार याची खात्री आहे, तेव्हा इतरांचे म्हणणे ऐकून मग लिहितो.

---

निळीशाई यांचा प्रतिसाद

गाडी लागण्याच्या शंकेवर लिहिते, कारण मलाही तोच त्रास आहे आणि त्यामुळे अनेक व्हीआर खेळ अर्ध्यावर सोडावे लागले आहेत. ‘रेझ इन्फिनिट’चे पाचही जुने विभाग मात्र मी निर्धोकपणे खेळू शकते. त्यामागची कारणे समजून घेतली तर आपल्यालाही अंदाज बांधता येईल.

आपल्या अंतःकर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. गाडी सरळ रस्त्यावर एकाच वेगाने जात असेल तर डोळे मिटल्यावर आपण चालत आहोत की थांबलो आहोत, हे त्याला सांगता येत नाही. ब्रेक लागला, वळण आले किंवा खड्डा आला की ते तात्काळ जागे होते. हेडसेटमध्ये याच्या उलट अडचण असते. डोळ्यांना वेगातला बदल दिसतो, परंतु शरीर खुर्चीवर स्थिर असल्याने अंतःकर्णाला काहीच जाणवत नाही, आणि या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणजे दृश्यातला वेग जितका एकसारखा आणि वळणे जितकी सौम्य, तितका त्रास कमी. जुन्या ‘रेझ’मधील प्रवास बहुतांशी असाच आहे: संथ, सरळ, एकाच दिशेने. संगीताच्या लयीला धक्का बसू नये म्हणून घेतलेली ही काळजी पंधरा वर्षांनी आरोग्याच्या दृष्टीनेही उपकारक ठरली आहे.

दुसरे कारण दृश्याच्या घडणीत आहे. आपण पुढे सरकत असल्याचा भास मुख्यतः दृष्टीच्या कडेने मागे जाणाऱ्या तपशिलांमुळे होतो. भोवती गवत, विटा, झाडे दाटीने असतील तर तो भास तीव्र होतो. ‘रेझ’मध्ये बहुतेक वेळ कडेला काळोख आणि मोजक्या रेघा असतात. शिवाय समोर सतत आपलीच आकृती दिसत असल्याने डोळ्यांना टेकायला एक स्थिर जागा मिळते. तिसरे कारण तांत्रिक आहे: प्लेस्टेशन व्हीआरवर हा खेळ सेकंदाला १२० चित्रे दाखवतो, त्यामुळे मान वळवल्यावर दृश्य मागे रेंगाळत नाही. चित्रांची गती कमी असली की माझे डोके लगेच दुखू लागते, म्हणून या आकड्याला मी फार महत्त्व देते.

‘एरिया एक्स’ची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे आपण पाहू त्या दिशेला उडत जातो, मनाला येईल तेव्हा वेग घेतो आणि थांबतो, त्यामुळे वेगातले बदल अधिक आहेत. तरीही ते बदल आपण स्वतः घडवलेले असतात, आणि गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, हा अनुभव सर्वांना आहेच. मला तिथे किंचित अस्वस्थ वाटते, विशेषतः मागे वळून लगेच वेग घेतला तर. फिरत्या खुर्चीवर बसून मानेऐवजी सगळे अंग वळवले तर पुष्कळ फरक पडतो.

सुरुवातीला बसूनच खेळा, पंखा समोर ठेवा, आणि तोंडाला पाणी सुटू लागले किंवा कपाळावर थंड घाम आला की त्याच क्षणी हेडसेट काढा. ‘थोड्या वेळात सवय होईल’ म्हणून रेटून नेले तर त्रास तासन्‌तास राहतो आणि पुढच्या वेळी अधिक लवकर सुरू होतो. आणखी एक सूचना गांभीर्याने करते: या खेळात प्रकाशाचे झपाट्याने लखलखणे बरेच आहे. लखलखत्या प्रकाशामुळे फिट येण्याचा त्रास आपल्याला किंवा घरात कोणाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा खेळ कोणीही लावू नये.

---

ठेका_त्रिताल यांचा प्रतिसाद

द्रुतलय यांनी जुन्या विभागांविषयी लिहिलेले सर्व मला मान्य आहे. ‘एरिया एक्स’विषयी मात्र माझे मत वेगळे आहे, आणि ते मांडण्यासाठी आधी या खेळातील लयीचे तंत्र थोडे उलगडावे लागेल.

‘रेझ’मध्ये आपण बटण केव्हा सोडले याला संगीताच्या दृष्टीने तंतोतंत महत्त्व नसते. यंत्र आपला आघात थोडा पुढे सरकवून लयीच्या जवळच्या उपविभागावर नेऊन बसवते. समजा लय मिनिटाला १२० ठोक्यांची आहे. म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा आणि त्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. आपण दोन उपविभागांच्या मध्ये कुठेही बटण सोडले तरी आवाज पुढच्या उपविभागावरच उमटेल. इतका लहान विलंब हाताला जाणवत नाही, कानाला मात्र प्रत्येक आघात जागच्या जागी पडल्याचे समाधान मिळते. ‘बीट सेबर’सारख्या नंतरच्या व्हीआर खेळांत ठोका आपण साधायचा असतो आणि चुकला तर गुण जातात. ‘रेझ’मध्ये ठोका चुकतच नाही.

मी तबला शिकतो, त्यामुळे ही सवलत मला सुरुवातीला खटकली होती. तिहाई समेवर येते तेव्हा तिचा आनंद ती चुकू शकली असती यात असतो. मोजणी आपली, जोखीमही आपली. परंतु पुष्कळ खेळल्यावर ध्यानात आले की ‘रेझ’ खेळाडूला दुसऱ्या प्रकारची जबाबदारी देतो. ठोका कुठे पडावा हे यंत्र पाहते, पण किती दाट पडावेत आणि कुठे जागा रिकामी सोडावी, हे खेळाडू ठरवतो. एकेक शत्रू टिपत गेलो तर विरळ बोल उमटतात. आठ जमवून एकदम सोडले तर गुणही जास्त मिळतात आणि बोलांची भरगच्च लड ऐकू येते. मात्र आठ जमेपर्यंत थांबावे लागते, आणि थांबण्यात मार खाण्याचा धोका असतो. तबल्यातली भरीची आणि खालीची जाण असलेला माणूस हा खेळ वेगळ्या रीतीने खेळतो, असे माझे निरीक्षण आहे.

आता मार्गाचा मुद्दा. प्रत्येक जुन्या विभागाचे दहा थर आहेत. ठरावीक लक्ष्य फोडले की पुढचा थर उघडतो, दृश्य अधिक गुंतागुंतीचे होते आणि संगीतात एखादे नवे वाद्य किंवा सुरावट दाखल होते. शत्रू कोणत्या बाजूने, किती संख्येने आणि किती अंतराने येणार, हे सारे आधी लिहिलेले असते. म्हणजे तो मार्ग ही एका अर्थाने स्वरलिपीच आहे. कोणत्या क्षणी खेळाडूचे हात भरलेले असतील आणि कोणत्या क्षणी रिकामे, हे रचनाकाराला ठाऊक असल्यामुळेच तो विसावा आणि चढण या गोष्टी योजू शकतो. नेमबाजीच्या या प्रकारात, ‘स्पेस हॅरियर’पासून ‘पँझर ड्रॅगून’पर्यंत, मार्गाचा उपयोग मुख्यतः दृश्य बांधून देण्यासाठी झाला होता. ‘रेझ’ने त्याचा उपयोग संगीत बांधण्यासाठी केला, आणि हे त्याचे सर्वांत मोठे श्रेय आहे.

‘एरिया एक्स’मध्ये हा मार्ग काढून टाकला. खेळाडू रेंगाळू शकतो, भलतीकडे पाहू शकतो, प्रकाशकणांच्या ढगात नुसताच तरंगत राहू शकतो. दृश्य अपूर्व आहे, त्याबद्दल वाद नाही. फुटलेल्या प्रत्येक शत्रूचे हजारो कण आपल्या भोवतीने वाहत जातात तेव्हा श्वास रोखला जातो. परंतु संगीताला खेळाडूची वाट पाहावी लागते, आणि वाट पाहणाऱ्या संगीताला तेच ते आवर्तन घोळवत बसावे लागते. पाचव्या विभागात जीवसृष्टीच्या उगमाविषयीचे शब्द समोर येत जातात, आधीचे महाशत्रू पुन्हा भेटतात आणि शेवटी आपण ईडनपर्यंत पोहोचतो. तिथे जी उंची गाठली जाते, ती मला ‘एरिया एक्स’मध्ये कधी मिळाली नाही. म्हणून विजनवासी यांना माझे सांगणे असे की, खरेदी अवश्य करावी, परंतु ती जुन्या पाच विभागांसाठी.

---

द्रुतलय यांचा प्रतिसाद

ठेका_त्रिताल, आपले विवेचन मनापासून आवडले. मार्ग म्हणजे स्वरलिपी ही मांडणी मी यापुढे लक्षात ठेवीन. तरीही निष्कर्षाशी सहमत होता येत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच मांडणीत आहे. जुन्या विभागांतही पुढचा थर आपोआप उघडत नाही. ते ठरावीक लक्ष्य खेळाडूने फोडावे लागते. ते निसटले तर पुन्हा समोर येईपर्यंत संगीत त्याच थरात फिरत राहते. म्हणजे वाट पाहणारे संगीत २००१ सालीही होतेच. खेळाडूसाठी थांबता यावे म्हणूनच त्या रचना लहान आवर्तनांच्या बनवल्या गेल्या होत्या. ‘एरिया एक्स’ने ही मुभा अधिक वाढवली, एवढेच.

जागेतला मार्ग गेला तरी काळातला मार्ग तिथे शिल्लक आहे. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढचा येत नाही, शत्रूंचे थवे ठरलेल्या क्रमाने येतात, हायडेलिक या संगीतचमूचे संगीत टप्प्याटप्प्याने उलगडते आणि अखेरीस प्रकाशकणांची ती भव्य स्त्रीआकृती समोर उभी राहते. फरक इतकाच की तिच्याकडे कुठून पाहायचे, हे आपण ठरवतो. हा विभाग अनरिअल इंजिन या खेळ घडवण्याच्या नव्या संगणकप्रणालीवर स्वतंत्रपणे घडवला गेला आणि २०१६ साली ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये ‘रेझ इन्फिनिट’ला सर्वोत्कृष्ट व्हीआर खेळाचा मान मिळाला, त्यात त्याचा वाटा मोठा होता असे मी मानतो. मिझुगुची यांच्या चमूने पुढे २०१८ साली ‘टेट्रिस इफेक्ट’ केला, त्यातील कणांचे सौंदर्य पाहिले की ‘एरिया एक्स’मध्ये काय शिकले गेले ते ओळखू येते.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने मान्य करतो. ‘एरिया एक्स’ फारच लहान आहे. दहाही थर चढून गेल्याची जी तृप्ती जुन्या विभागांत मिळते, तिला लागणारा अवधीच तिथे मिळत नाही.

---

ठेका_त्रिताल यांचा प्रतिसाद

थर खेळाडूने उघडावा लागतो हा मुद्दा रास्त आहे. माझ्या दृष्टीने फरक असा राहतो की, जुन्या विभागात संगीत थांबले असले तरी शत्रू थांबत नाहीत. ते आपल्यावर चालून येतच राहतात आणि हात रिकामे राहू देत नाहीत. ‘एरिया एक्स’मध्ये मी पाठ फिरवून दूर जाऊ शकतो. ज्याला तो एकांत हवा आहे, त्याच्यासाठी हा विभाग उत्तम आहे, हे मी नाकारत नाही.

---

विजनवासी यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके सविस्तर आणि आस्थेने लिहिलेले वाचून खरेदीचा निर्णय झाला आहे. आता दोन व्यावहारिक शंका उरल्या. क्वेस्ट आणि पहिला प्लेस्टेशन व्हीआर यांपैकी कुठे खेळावे? आणि माझ्याकडे चांगले ब्लूटूथ इअरफोन आहेत, ते चालतील का? तसेच विभाग कोणत्या क्रमाने खेळावेत, हेही सुचवावे.

---

निळीशाई यांचा प्रतिसाद

ब्लूटूथ इअरफोन या खेळासाठी वापरू नयेत. बिनतारी आवाजाला साधारणतः १०० ते २०० मिलिसेकंदांचा, कधी त्याहूनही अधिक उशीर लागतो. ठेका_त्रिताल यांनी वर मांडलेला हिशेब पाहिलात तर तो उशीर जवळजवळ पूर्ण एका उपविभागाएवढा किंवा त्याहून मोठा होतो. आघात लयीत बसवण्यासाठी खेळाने स्वतः घेतलेला विलंब त्यात आणखी मिळतो, आणि स्फोट दिसल्यानंतर ठोका ऐकू येऊ लागतो. दृश्य आणि ध्वनी यांची जुळणी हाच ज्या खेळाचा प्राण आहे, त्यात हे परवडणारे नाही. साधे तारेचे हेडफोन घ्या. खर्जातला ठेका नीट ऐकू येईल असे, कानांवर पूर्ण बसणारे असतील तर उत्तम.

यंत्रांपैकी मी क्वेस्ट निवडीन. २०२० साली आलेल्या या आवृत्तीत हेडसेटला टीव्ही, कॅमेरा किंवा तारा जोडाव्या लागत नाहीत, आणि ज्या खेळात अंग सर्व दिशांना वळवायचे आहे तिथे मानेला अडकणारी तार नसणे ही मोठी सोय आहे. पहिल्या प्लेस्टेशन व्हीआरच्या बाजूनेही एक गोष्ट सांगते: त्याचा पडदा ओएलईडी असल्याने काळा रंग खरोखर काळा दिसतो, आणि ‘रेझ’चे निम्मे सौंदर्य काळोखात आहे. आपल्या मित्राकडे एकदा तिथे पाहून घ्याच. मी नोकरीनिमित्त सिंगापूरला असते आणि इथे मला प्लेस्टेशन व्हीआर२वरील २०२३ची आवृत्ती खेळायला मिळाली. त्यात हेडसेट बुबुळांची हालचाल टिपतो आणि नुसत्या नजरेने नेम धरता येतो. नेम फार झटपट लागतो, गुणांसाठी खेळणाऱ्यांना ते नक्की आवडेल. मला मात्र मान फिरवूनच खेळायला अधिक भावते, कारण त्यात शरीर लयीत सामील होते.

क्रमाविषयी माझे मत असे: पहिला विभाग दोनतीनदा खेळा, तोही ‘ट्रॅव्हलिंग’ या प्रकारात, ज्यात शत्रूंचा मार लागून खेळ संपत नाही. मानेने नेम धरण्याची सवय तिथे निर्धास्तपणे करता येते आणि प्रकृतीचाही अंदाज येतो. मग दुसरा, तिसरा आणि चौथा ओळीने खेळा; त्यांच्या दृश्यरचनेत अनुक्रमे भारत, मेसोपोटेमिया आणि चीन या प्राचीन संस्कृतींच्या खुणा आहेत, पहिल्यात इजिप्तच्या आहेत, आणि हेडसेटमध्ये सावकाश मान फिरवली तर टीव्हीवर निसटलेले स्तंभ आणि कमानी नजरेत येतात. पाचव्यासाठी सलग मोकळा वेळ काढा, मध्ये उठू नका. तो सर्वांत दीर्घ आहे आणि तुकड्यांत खेळला तर त्याची चढण तुटते. ‘एरिया एक्स’ त्याच दिवशी लावू नका, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी लावा, म्हणजे ठेका_त्रिताल आणि द्रुतलय यांच्यापैकी कोणाचे म्हणणे पटते ते आपल्याला स्वतःलाच इथे लिहिता येईल.